एका चुलीवरचं शिक्षण : कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात पोरं काय शिकली

शाळा-कॉलेजात प्रकल्प जमा करायचे दिवस आले की तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. चौघांचा गट, वर चौघांची नावं, आणि आतलं सगळं दुकानदारानं इंटरनेटवरून काढलेलं. रंगीत मुखपृष्ठाचे पैसे वेगळे. चौघांपैकी एकानं दुकानात फेरी मारलेली असते, एकानं पैसे दिलेले असतात, उरलेल्या दोघांना विषय काय होता तेही सांगता येत नाही. मार्क मात्र चौघांना सारखेच. पोरांनी मिळून काम करायला शिकावं, चार माणसांत बोलावं, अंगावर जबाबदारी घ्यावी, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं, म्हणून हा गटप्रकल्प अभ्यासक्रमात आला. हल्ली या सगळ्याला मिळून सॉफ्ट स्किल म्हणतात. आपल्याकडची पोरं मार्कांत कमी नसतात, मुलाखतीला गेली की इथंच अडखळतात, ही तक्रार आता वाडीवस्तीवरही ऐकू येते.

सॉफ्ट स्किल हा शब्द कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा ते काम करून दाखवणारा माणूस आपल्याच भागातला होता. कर्मवीर भाऊराव पाटील. अख्ख्या जिल्ह्याचे अण्णा. जयंतीला त्यांच्या फोटोला हार पडतो, भाषणात वटवृक्ष येतो, अनवाणी पाय आणि घोंगडी येते. पण अण्णांच्या बोर्डिंगात सकाळपासून रात्रीपर्यंत चालायचं काय, आणि त्यातून पोरं घडायची कशी, यावर फार कुणी बोलत नाही. खरं मोल तिथंच आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. घराणं मूळचं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, जैन शेतकऱ्याचं. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून, आई गंगाबाई. वडिलांच्या नोकरीमुळं काही शिक्षण विट्याला झालं आणि पुढं कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात नाव घातलं. अभ्यासात पोरगं बेताचंच. ओढा कुस्तीकडं, तालमीकडं. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून या पोरानं त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी एक आठवण चरित्रांतून येते. इंग्रजी सहावीच्या पुढं शाळा गेली नाही. ज्यांच्या संस्थेत पुढं लाखो पोरं शिकली, ते स्वतः मॅट्रिकही नव्हते.

कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगात राहत. त्या काळचं कोल्हापूर म्हणजे बोर्डिंगांचं गाव. शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला हातभार लावला. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचं तर राहायचं कुठं आणि जेवायचं काय, हा खरा प्रश्न होता. महाराजांनी तो ओळखला. पण इमारती वेगळ्या आणि स्वयंपाकघरंही वेगळीच. त्या वेळी दुसरं काही शक्यही नव्हतं. सगळ्यांनी एकत्र जेवायचं म्हटलं असतं तर पोरं आलीच नसती, आईबापांनी पाठवलीच नसती.

१९०८ च्या सुमारास अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. त्या समारंभाला तरुण भाऊराव गेले. परत आल्यावर जैन बोर्डिंगच्या शिस्तीप्रमाणं आंघोळ करून मगच आत यायचं होतं. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला. बोर्डिंग सुटलं. आज वाचताना हा प्रसंग लहानसा वाटतो. पण एकवीस वर्षांच्या, परीक्षेत मागं पडलेल्या पोराला त्या एका नकारापायी राहायची जागा आणि दोन वेळचं जेवण गमवावं लागलं, हे ध्यानात घेतलं तर पुढं त्यांनी जे बोर्डिंग काढलं ते तसंच का काढलं, ते कळतं.

मधली दहा-बारा वर्षं पोटामागं धावण्यात गेली. साताऱ्यात खासगी शिकवण्या घेतल्या. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा माल विकला. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून खपवले, पुढं साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यातही काम केलं. लोखंडी नांगरानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांत समजूत होती तो हा काळ. अशा शेतकऱ्याला बांधावर उभं राहून पटवायचं म्हणजे नुसती बडबड कामाची नाही. आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, त्याच्याच बोलीत उत्तर द्यावं लागतं, आणि पुन्हा त्याच गावात जायचं असल्यानं खोटं बोलून चालत नाही. भाऊरावांना गावं माणसांसकट पाठ झाली ती याच फिरतीत. शिकवणारा माणूस आधी विक्रेता होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात बहुतेक जण घाईनं उरकतात. मला ती फार महत्त्वाची वाटते.

याच काळात एक वाईट प्रकरणही होऊन गेलं. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याच्या खटल्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. त्यांनी तुरुंग सोसला, साक्ष दिली नाही. लठ्ठे त्याच जैन बोर्डिंगाशी संबंधित होते, जिथून भाऊरावांना बाहेर पडावं लागलं होतं. राग धरून बसायचा तर कारण होतं.

नोकरी करता करता बोर्डिंगचे प्रयोग चालूच होते. मित्रांच्या साथीनं मिरज तालुक्यातल्या दूधगावात एक वसतिगृह निघालं. मग ४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याचा दिवस. कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती, तिथं रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचं ठाणं साताऱ्याला आलं. मोजकी पोरं घेऊन तिथं बोर्डिंग सुरू झालं, पुढं ते धनिणीच्या बागेत नांदलं. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. नाव शाहू महाराजांचं, पण महाराजांच्या हयातीत जे जमलं नव्हतं ते इथं होतं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, सगळ्यांना मिळून एकच चूल.

आता या चुलीकडं नीट बघा.

बोर्डिंगात आचारी ठेवायला पैसे नव्हते. पाणक्या नव्हता, झाडूवाला नव्हता. कामं मात्र सगळी होती. पहाटे उठायचं, पाणी भरायचं, दळायचं, सरपण आणायचं, भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, आवार झाडायचं, बागेतल्या भाजीला पाणी सोडायचं. आणि वेळेत शाळेत पोचायचं. ही कामं पोरांनी पाळीपाळीनं, गट करून करायची. आज ज्यांनी भाकऱ्या केल्या त्यांच्याकडं उद्या पाणी.

यात गंमत अशी की कामात कुचराई झाली तर मार्क कमी होत नाहीत, जेवण चुकतं. आणि तेही एकट्याचं नाही, सगळ्यांचं. सरपणाला गेलेला गट रमतगमत आला की भाकरीवाला गट खोळंबतो, आणि पंगत शाळेची घंटा होईपर्यंत बसतच नाही. मग बोलणं होणारच. चुकलेल्याला सुनावणं, त्यानं कारण सांगणं, आजारी पोराची पाळी दुसऱ्यानं घेणं, घेतलेली पाळी लक्षात ठेवून परत फेडणं. भाकरी थापता न येणाऱ्या पोराला शिकवायचं कुणी? ज्याला येते त्यानं. मग तो कुठल्या घरातला का असेना. खालच्या मानलेल्या घरातलं पोरगं वरच्या मानलेल्या घरातल्या पोराला पीठ कसं मळायचं ते दाखवतंय, आणि तीच भाकरी दोघांच्या ताटात पडतीय. अस्पृश्यता वाईट आहे यावर शंभर व्याख्यानं दिली असती तरी जे झालं नसतं, ते काटवटीपाशी रोज होत होतं. पोरांना त्याचं भानही नसेल. भूक लागलेली असायची, तेवढंच.

गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांना याच गोष्टीचं नवल वाटलं. आपल्या साबरमतीच्या आश्रमात जे साधायला जड गेलं ते इथं सहज चाललंय, अशा अर्थाचं त्यांनी बोलून दाखवलं, असं चरित्रकार सांगतात. पुढं त्यांच्याकडून बोर्डिंगला दरसाल पाचशे रुपयांची मदतही मिळत गेली.

पण पोरांना नुसतं सोडून दिलं आणि सगळं आपोआप झालं, असं कुणी समजू नये. वर लक्ष होतं, आणि ते कडक होतं. अण्णांचा राग सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. अवेळी येऊन ते पाहणी करायचे, पाण्याचे माठ, चुलीपाशीचा केर, आजारी पोराचं अंथरूण, काही सुटायचं नाही. मात्र पोराच्या हातातलं काम काढून घेऊन स्वतः करून टाकायचे नाहीत. चुकलं तर पुन्हा करायला लावायचे. आणि जे पोरांच्या ताटात तेच त्यांच्या ताटात. देखरेख करणारा माणूस त्याच पंगतीला बसला की देखरेखीची रीतच बदलते. कोरड्यास खारट झालं तर ते त्यालाही खावं लागतं.

चुलीवरचं दुसरं लक्ष लक्ष्मीबाईंचं. भाऊरावांच्या पत्नी. त्या सोवळं-ओवळं काटेकोर पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. लग्नानंतर हा संसार वाट्याला आला. सगळ्या जातींची पोरं घरात, आणि नवरा कायम फिरतीवर. त्यांना हे पहिल्या दिवशी पटलं असेल असं मानायचं कारण नाही. पण त्या बदलल्या, आणि अशा बदलल्या की बोर्डिंगच्या पोरांना त्यांच्यात आई दिसायला लागली. अंगावरचे दागिने एकेक करून पोरांच्या धान्यासाठी गेले. एकदा भाऊराव गावाला गेलेले, कोठीत दाणा नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा इतिहास अण्णांच्या नावानं लिहिला जातो तो बरोबरच आहे, पण चूल पेटती ठेवली ती बाईनं. तिच्या नावाला भाषणात दोनच ओळी येतात, हे बरं नाही.

कोठी भरायची रीतही पोरांना शिकवणारीच होती. गावोगाव मुष्टिफंड जमायचा. घराघरातल्या बाया दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, ते गोळा करून आणायचं. अनोळखी दारात उभं राहायचं, आपण कोण, कशासाठी आलो ते दोन वाक्यांत सांगायचं, नकार मिळाला तरी नमस्कार करून पुढच्या दारी जायचं. आज याच्या कार्यशाळा होतात, पैसे भरून. नांगर विकत फिरलेल्या माणसाला ही विद्या पक्की ठाऊक होती.

पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघालं, तेही सगळ्या जातींना एकत्र घेणारं. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. खेड्यांना मास्तर पुरवण्यासाठी. पाठोपाठ जिथं शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा निघू लागल्या, आणि त्यांची संख्या काही शेकड्यांत गेली. विचार करा, विशीतला तरुण, खांद्यावर पिशवी, अनोळखी वाडीत एकटाच. देवळाची पडवी शाळेसाठी मागायची, पाटलाला पटवायचं, जातीवरून पोरं वेगळी बसवू पाहणाऱ्या आईबापांशी न भांडता आपलं म्हणणं लावून धरायचं. हे ट्रेनिंग कॉलेजातल्या पुस्तकात थोडंच लिहिलेलं असतं? ज्यानं बोर्डिंगात चार जातींच्या पोरांबरोबर पाणी भरलं, पंगत वाढली, भांडणं मिटवली, त्याला ते जमायचं.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. फी नाही, राहायची सोय, आणि खर्च पोरांनी कष्ट करून भागवायचा. कमवा आणि शिका ही योजना आकाराला आली ती इथं. जून १९४७ मध्ये त्याच धर्तीवर छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. कॉलेजची पोरं शेतात राबली, खडी फोडली, बांधकामावर घमेली वाहिली. ज्या भिंतीला स्वतः दगड दिले त्या भिंतीच्या आड बसून शेक्सपिअर शिकली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे याच बोर्डिंगातून वर आलेले. विलायतेला जाऊन शिकून आले, अण्णांच्या संस्थेतच काम केलं आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यासारखी नावं झाली ती थोडी. बाकीची हजारो पोरं तलाठी, मास्तर, ग्रामसेवक, बागायतदार झाली. गावातल्या तंट्यात ज्याचं दोन्ही बाजू ऐकतात असा एखादा म्हातारा माणूस आपल्या गावात असायचा ना, तो पुष्कळदा रयतच्या बोर्डिंगातला निघायचा.

आता एक अवघड गोष्ट. आजच्या नजरेनं बघणारा कुणी म्हणेल, की पोरांना राबवून घेतलं, अभ्यासाचे तास चुलीपुढं गेले. या आक्षेपात काहीच तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. दळण-कांडण करून शाळेत बसलेल्या पोराला पेंग येणारच. श्रीमंताच्या पोराला हे करावं लागत नव्हतं, गरिबाच्याच पोराला लागत होतं. भाऊरावांपुढं पर्याय काय होता? एकतर हे, नाहीतर गुरं राखायला परत घरी. त्यांनी कष्टाचं गोडवं गायलं ते गरजेतूनच, आणि गरज असली तरी त्यात लाज वाटू नये अशी व्यवस्था केली. तिथं सगळेच काम करायचे, म्हणून कुणाला कमीपणा नव्हता.

आज नेमकं तेच हरवलंय. कमवा आणि शिका योजना अजून कितीतरी कॉलेजांत चालते, तासाच्या हिशेबानं पैसे मिळतात, आणि कित्येक पोरापोरींचं शिक्षण तिच्यावरच होतं. पण आवारात झाडं लावणाऱ्या, ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्या पोराकडं बाकीची पोरं गरीब म्हणून बघतात. मी स्वतः कॉलेजात असताना या योजनेत होतो. सकाळी खराटा घेऊन उभा असताना वर्गातल्या मुली आल्या की झाडाआड सरकायचो. काम होत होतं, पैसे मिळत होते, पण चारजण मिळून काही करतोय असं कधी वाटलं नाही. आमच्यावर देखरेख होती ती हजेरीच्या वहीपुरती. महिनाअखेरीला सही घ्यायला गेलं की साहेब तोंडसुद्धा वर करत नसत. अण्णांच्या बोर्डिंगातला खराटा आणि आमचा खराटा एकच होता, फरक भोवतालच्या माणसांत होता.

गटप्रकल्पाचंही तसंच. पाच पोरं एकत्र बसवली म्हणून गट होत नाही. एकाचं अडलं की पाचांचं अडेल असं काही काम त्यांच्या हातात असावं लागतं. गावातल्या विहिरींची पाणीपातळी वर्षभर मोजायची असेल तर एकानं खाडा केला की तक्त्यातला रकाना रिकामा राहतो, दुकानदाराला तो भरून देता येत नाही. शाळेची परसबाग असेल तर सुट्टीत पाणी कुणी घालायचं हे ठरवावंच लागतं. आणि मास्तरांनी त्या विहिरीपर्यंत पोरांबरोबर चालत जावं लागतं. आपल्या भागात हे करणारे शिक्षक आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतही आहेत. त्यांच्याकडं आधीच कागदपत्रांचा ढीग असतो, ही त्यांची अडचणही खरी आहे.

अण्णांची शेवटची वर्षं संस्था वाढवण्यात आणि आजारपणात गेली. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प त्यांनी केला आणि माध्यमिक शाळा खेड्यापर्यंत नेल्या. सरकारशी खटका उडून अनुदान बंद झालं तेव्हाही काम थांबलं नाही, गाडगेबाबांसारखी माणसं मदतीला उभी राहिली. त्यांच्या नावाचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ साली कराडला निघालं. जानेवारी १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली, इंग्रजी सहावीवर शाळा सुटलेल्या माणसाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. साताऱ्यातल्या बोर्डिंगच्या चुलीवर तेव्हाही पोरंच पाळीनं भाकऱ्या थापत होती.